भिंतीलगतची रांग

लंडनच्या ‘द ग्राफिक’ या सचित्र साप्ताहिकाचा पहिला अंक ४ डिसेंबर १८६९ रोजी निघाला. ल्यूक फिल्ड्स या २६ वर्षांच्या चित्रकाराचे ‘हाऊसलेस अँड हंग्री’, म्हणजे बेघर आणि भुकेले, हे रेखाचित्र लाकडी ठशावर कोरून त्यात छापले होते. जुन्या चित्रसंग्रहात ते पुन्हा पाहताना आम्ही बराच वेळ त्याच पानावर थांबलो.

हिवाळ्यातली रात्र, पोलीस ठाण्याची भिंत आणि तिच्या कडेने ताटकळणारी माणसे, एवढाच चित्राचा विषय. १८६४ च्या कायद्यान्वये लंडनमधील बेघरांना निर्धनगृहात एका रात्रीचा निवारा मिळे. परंतु त्यासाठी आधी पोलिसांकडून चिठ्ठी घ्यावी लागे. ही रांग त्या चिठ्ठीसाठी आहे.

नगरातील निकडीचा प्रसंग म्हटला की आपल्याला आग, दंगल, धावाधाव आठवते. येथे कोणी धावत नाही. पोरांना जवळ घेतलेली आई आहे, थंडीने अंग आखडलेले पुरुष आहेत. दुःख सर्वांचे एकच, पण प्रत्येक जण त्यात एकटा. आमच्या मते या चित्रातील निकड थांबण्यातच आहे. रात्र सरत नाही आणि रांगही सरकत नाही.

हे चित्र पाहूनच चार्ल्स डिकन्स यांनी आपल्या अखेरच्या कादंबरीच्या चित्रांसाठी फिल्ड्स यांची निवड केली. पुढे १८७४ मध्ये फिल्ड्स यांनी याच विषयावर भव्य तैलचित्र रंगविले. रॉयल अकादमीत ते पाहण्यास इतकी गर्दी लोटली की चित्रापुढे कठडा घालावा लागला. त्या तैलचित्रात भिंतीवर जाहिराती आहेत. हरवलेल्या कुत्र्यासाठीचे बक्षीस टाकून दिलेल्या बालकासाठीच्या बक्षिसाहून मोठे आहे! उपरोध बोचरा आहे, यात शंका नाही. तरीही आम्ही झुकते माप रेखाचित्रालाच देऊ. तैलचित्र पाहण्यास आपण दालनात जातो व पाहून परततो. साप्ताहिकातले चित्र मात्र आपल्या घरी येते आणि दिव्याच्या उजेडात, जेवणाच्या मेजावर उघडते. उबेत बसलेल्या वाचकाच्या हाती थंडीत उभी असलेली रांग येते.

अशी चित्रे दारिद्र्याचा देखावा मांडतात, असा आक्षेप कोणी घेईल. तो अगदीच निराधार नाही. पान मिटले की कळवळाही मिटतो, हा अनुभव कोणाला नाही? पण त्याचा दोष चित्रकाराच्या माथी मारता येणार नाही. त्याने आपल्याला रस्त्याच्या पलीकडे, रांगेसमोर आणून उभे केले. पुढची चार पावले आपली आहेत.

आमच्याही दारी चिठ्ठीसाठी माणसे येतात. कोणाला शाळाप्रवेशाची शिफारस हवी असते, कोणाला इस्पितळासाठी दोन ओळी. सकाळच्या मिस्सानंतर कार्यालय उघडेपर्यंत ती व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी राहतात. इतकी वर्षे आम्ही त्यांना टेबलामागून पाहत आलो. आता व्हरांड्यात आधी बाके टाकावीत आणि मग चिठ्ठ्या लिहाव्यात, असे आम्ही ठरविले आहे.