गृहस्थाची बंदूक

नाटकाच्या पहिल्या अंकात भिंतीवर बंदूक टांगलेली दिसली, तर पुढे केव्हा तरी ती उडालीच पाहिजे, असे रशियन नाटककार चेकॉव्ह नवशिक्या लेखकांस बजावीत असे, ही गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांच्या कानांवर असेल. कलेचा नियम म्हणून तो बिनतोड आहे. जी वस्तू कथेस नको ती कथेत आणू नये, एवढाच त्याचा मथितार्थ. परंतु हाच नियम रंगभूमीवरून उचलून एखाद्या संसारी माणसाच्या घरात नेऊन पाहावा, म्हणजे तो किती भयंकर आहे हे ध्यानात येते. गृहस्थाच्या बंदुकीचा धर्म नेमका उलट आहे. ती पहिल्या अंकात दिसो की तिसऱ्या, ती कधीही उडता कामा नये. बापाने ती सांभाळावी, मुलाने तिची जबाबदारी घ्यावी, नातवाने तिच्याकडे कुतूहलाने पाहावे, आणि तिन्ही पिढ्यांत तिचा आवाज घरात कोणी ऐकू नये, यातच त्या घराचे यश. नाटककारास जी वस्तू फुकट गेली असे वाटेल, ती गृहिणीच्या दृष्टीने सार्थकी लागलेली असते. या विरोधात मराठी वाङ्मयातील एका उणिवेचे मूळ आहे असे आम्हांस वाटते, आणि तिचाच थोडा विचार येथे करण्याचे योजिले आहे.

हा विचार आम्हांस सुचला तो मात्र पुस्तकावरून नव्हे. चाकणच्या बाजूस एका खेड्यात आमच्या परिचयाचे एक कुटुंब आहे. घरचे कर्ते गृहस्थ एका मोटारींच्या कारखान्यात पाळीवर जातात. दोन मुले, पत्नी, वृद्ध आई असा संसार. त्यांच्या वडिलांकडे रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी घेतलेली एकनळी बंदूक होती. पुढे शेताचा बराच भाग औद्योगिक वसाहतीत गेला. पीक गेले, डुकरे गेली, बंदूक राहिली. वडील वारल्यावर ती ठाण्यात जमा करावी लागली. अशा प्रसंगी वारसास वस्तू मिळते, परवाना मिळत नाही; तो नव्याने मागावा लागतो. त्याप्रमाणे अर्ज, चौकशी, हेलपाटे हे सर्व यथासांग होऊन ती पुन्हा घरी आली, आणि आज लोखंडी कपाटात कुलपाआड उभी आहे. काडतुसे दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात. दोन्ही किल्ल्या कोठे असतात हे मुलांस ठाऊक नाही. निवडणूक आली की पुष्कळदा ती ठाण्यात जमा होते, निकालानंतर परत येते. परवान्याची मुदत संपत आली की नूतनीकरणाची धावपळ सुरू होते. वर्षातून एकदा, खंडेनवमीस, ती बाहेर निघते. कोयता, पाने, स्कूटरची किल्ली यांच्या शेजारी पाटावर तिला ठेवतात. घरधनीण हळदकुंकू वाहते, पण बोट दस्त्यास लावते, नळीस कधी नाही.

एका लग्नसराईत आम्ही त्यांच्याकडे गेलो असता भावकीतील एक तरुण येऊन म्हणाला, "दादा, वरातीत एकच बार काढू. रिकामाच." गृहस्थ हसले नाहीत. "रिकामा बार नसतो रे," ते म्हणाले, "रिकामं असतं ते डोकं." २०१९ सालच्या दुरुस्तीने असा आनंदाचा बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत, हे त्यांस ठाऊक होते, परंतु त्यांच्या नकारात कायद्याहून जुने असे काही तरी होते. तरुण रागावून गेला. भाऊबंदांत पुढे काही दिवस अबोला राहिला. मग त्या माउलीने आमच्यासमोरच यजमानांस विचारले, "पीक गेलं, आता हिनं राखायचं तरी काय?" त्यांनी उत्तर दिले नाही. घरी परतताना आम्ही मनाशी शोधू लागलो की, या प्रश्नाचे उत्तर आपल्या कोणत्या पुस्तकात सापडेल?

आमच्या वाङ्मयात बंदूक तीन रूपांनी येते: व्रत म्हणून, छंद म्हणून आणि पाप म्हणून. व्रताचे उदाहरण शोधण्यास फार दूर जावयास नको. ते चिंचवडातच आहे. दामोदर हरी चापेकर हे चिंचवडचे, वडील कीर्तनकार, भाऊ कीर्तनात साथ करणारे. १८७८ साली लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा झाला. युरोपियनांस त्यातून सूट होती आणि एतद्देशीयांस परवान्यावाचून शस्त्र नव्हते. हा अपमान त्या काळच्या शिकलेल्या पिढीस किती बोचत होता, हे काँग्रेसने १८८७ सालापासून त्याविरुद्ध ठराव केले यावरून दिसते. प्लेगच्या बंदोबस्तात घराघरांत शिरणाऱ्या शिपायांच्या संतापातून २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. दामोदरपंत १८ एप्रिल १८९८ रोजी फासावर गेले. पुढील वर्षी मे महिन्यात वासुदेव व बाळकृष्ण. कैदेत असता दामोदरपंतांनी लिहिलेले आत्मवृत्त उपलब्ध आहे. त्या कृत्याचे मोल ठरविण्याचे हे स्थळ नव्हे. पुस्तकाविषयी मात्र बोलता येईल. त्यात लेखकाची आढ्यता आहे, कडवेपणा आहे, पण कोठेही लपवाछपवी नाही, आणि म्हणून ते मराठीतील एक अस्सल आत्मचरित्र आहे. कुटुंबाच्या पडत्या काळाची हकीकत त्यात जिवंत उतरली आहे. परंतु शस्त्राची गोष्ट सुरू झाली की घर मागे पडते. एका घरातील तीन मुलगे गेल्यावर चिंचवडच्या त्या वाड्यात स्त्रियांनी दिवस कसे कंठले असतील, याचा शोध घेणारे पान आपणांस दुसरीकडे शोधावे लागते. १९७९ साली नचिकेत व जयू पटवर्धन यांनी या विषयावर काढलेल्या चित्रपटाचे नावच मुळी '२२ जून १८९७' असे आहे. कलेला तो एक दिवस हवा असतो. घराच्या वाट्यास मात्र बाकीचे सर्व दिवस येतात.

दुसरे रूप छंदाचे. व्यंकटेश माडगूळकर तरुणपणी बंदूक घेऊन रानात हिंडले आणि पुढे नुसत्या डोळ्यांनी रान पाहू लागले. 'नागझिरा' हे त्या दुसऱ्या काळातील पुस्तक. आमच्या मते मराठीत बंदूक खाली ठेवण्याची कला जर कोणी दाखविली असेल, तर ती त्यांनीच. वध्य प्राणी हा प्रथम प्राणी आहे, हे त्यांच्या लेखनात उपदेशावाचून उमटते. परंतु त्यांची बंदूक रानातली आहे; ती घरी आल्यावर कोणत्या खुंटीस टांगली जाते आणि कोणाची झोप मोडते, हा त्यांचा विषय नव्हता. लेखकाने जो विषय घेतला नाही त्याबद्दल त्यास दोष देणे अन्याय्य होय. आम्ही फक्त जागा रिकामी आहे एवढेच सांगतो.

तिसरे रूप पापाचे, आणि ते अगदी अलीकडचे व या टापूस लागून असलेले. प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' हा चित्रपट २०१८ साली आला. जमीन विकून बसलेला बाप आणि गुन्हेगारीत शिरलेला मुलगा, हा त्याचा गाभा. यातील बाप आम्हांस फार मोलाचा वाटतो. ज्याच्या नावाने शिवार ओळखले जाई, त्यास दुसऱ्याच्या दारी राबताना दाखविले आहे, आणि मोहन जोशी यांनी ती लाज शब्दांवाचून उभी केली आहे. असे असूनही चित्रपट पुढे मुलाच्या मागे धावतो आणि धावता धावता घर हरवून बसतो. हाणामारीचे रंग इतके गडद होतात की, ज्या तरुणास सावध करावयाचे त्यासच ते रंग मोहक वाटावेत अशी भीती राहते. जमीन गेली म्हणून प्रत्येकाने हत्यार हाती घेतले नाही. पुष्कळांनी डबा घेतला आणि पहिली पाळी गाठली. त्यांतील एखाद्याच्या कपाटात परवान्याची बंदूकही असेल. तिची गोष्ट त्या पडद्यावर नाही, कारण तीत सांगण्यासारखे काही घडत नाही असा आपला समज आहे.

हा समजच आम्हांस खोडावयाचा आहे. ज्या भूमीवर आपण बोलत आहोत तिचा शस्त्राशी संबंध केवढा जुना व केवढा नित्याचा आहे, पाहा. चाकणचा संग्रामदुर्ग १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाइस्तेखानाच्या प्रचंड फौजेविरुद्ध सुमारे दोन महिने लढविला. पिंपरीच्या वेशीपासून जवळच, खडकीस, १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. देहूरोडसही शस्त्रसामग्रीचे कारखाने व कोठारे आहेत. पिढ्यान्पिढ्या माणसे सकाळी जाऊन काडतुसे घडवितात आणि संध्याकाळी भाजी घेऊन घरी येतात. आणि त्याच देहूस तुकोबांनी शब्दालाच शस्त्र मानले. १९५४ साली पिंपरीस पेनिसिलिनच्या कारखान्याची स्थापना झाली. पाठोपाठ मोटारी आल्या, पुढे चाकणची वसाहत उभी राहिली. १५ ऑगस्ट २०१८ पासून या टापूस स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळाले. दसऱ्यास येथे यंत्रास झेंडूची माळ पडते. अशा ठिकाणी शस्त्र ही केवळ वीराची वा गुंडाची वस्तू नाही. ती पगारी, कुलूपबंद, नूतनीकरणाच्या तारखांनी बांधलेली, संसारातील वस्तू आहे. लेखकाने ती तशी पाहिली पाहिजे.

कोणी म्हणेल, कुलूपबंद बंदुकीवर गोष्ट कशी लिहावी? घटना नाही तेथे कथा कोठली? याचे उत्तर आम्ही चेकॉव्हकडूनच घेऊ. १९०४ साली रंगभूमीवर आलेल्या त्याच्या अखेरच्या नाटकात, 'चेरी ऑर्चर्ड'मध्ये, एका पात्राच्या खांद्यास जुनी बंदूक आहे व दुसऱ्याजवळ पिस्तूल. आणि नाटक संपेपर्यंत दोहोंपैकी एकही उडत नाही. ज्याने नियम घातला त्यानेच तो मोडला! आणि त्या नाटकाचा विषय कोणता? एका कुटुंबाची वडिलोपार्जित बाग कर्जापायी लिलावात जाते, नवा धनी ती तोडून बंगल्यांसाठी जागा पाडणार असतो, आणि जुनी माणसे सामान बांधून निघतात. चाकणच्या वाचकास हे परके वाटेल काय? तेथे गोळीच्या आवाजाऐवजी अखेरीस झाडावर पडणाऱ्या कुऱ्हाडीचा आवाज ऐकू येतो, आणि तो कोणत्याही बारापेक्षा खोल जातो. न उडालेले शस्त्र हाती असलेली माणसे किती असहाय असू शकतात, हे त्याने त्या आवाजाने सांगितले.

आमच्या परिचयाच्या त्या घरात नेमके हेच नाट्य रोज चालले आहे. बंदूक ही तेथे गेलेल्या शेताची शेवटची खूण आहे. सातबारा बदलला, बांध गेले, विहिरीवर भिंत आली. वडिलांच्या हाताचा घट्टा जिच्या दस्त्यावर उमटला आहे अशी ही एकच वस्तू उरली. गृहस्थ ती टाकीत नाहीत यात शौर्याचा आव नाही, पुत्रधर्म आहे. पत्नी ती नको म्हणते यातही भित्रेपणा नाही. मुले वाढत आहेत, कुलूप हे शेवटी माणसानेच लावावयाचे असते, आणि माणूस एखाद्या रात्री थकून येतो, हे ती जाणते. दोघेही खरे आहेत. जेथे दोन्ही पक्ष खरे असतात, तेथेच नाटक असते, असे रसिकांस आम्ही नव्याने सांगावयास नको.

या वादात आमचे मत काय, असे कोणी विचारील. टीकाकाराने आडपडदा ठेवू नये, म्हणून सांगतो. आम्ही त्या माउलीच्या बाजूचे आहोत. स्मृती जपण्यास नांगराचा फाळ पुरे. जी वस्तू सांभाळण्यात चूक झाली असता लेकराचा जीव जाऊ शकतो, ती स्मृतीचे ओझे वाहण्यास योग्य नव्हे. परंतु हे आमचे मत एका वाक्यात सांगून होते आणि एका वाक्यातच विसरलेही जाते. त्या गृहस्थांस ते पटवावयाचे, तर त्यांच्या वडिलांवरील मायेचा मान राखूनच पटवावे लागेल. आणि हे काम कायद्याने होत नाही, अग्रलेखाने होत नाही. ते कथेने होते. कपाटाच्या दारापाशी रात्री उशिरा उभा राहून कुलूप दुसऱ्यांदा ओढून पाहणारा माणूस ज्या दिवशी आपल्या एखाद्या कथेत येईल, त्या दिवशी तो स्वतःस ओळखील, आणि कदाचित पत्नीच्या प्रश्नास उत्तरही देईल.

पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या वसाहतींत आज लिहिणारी तरुण मंडळी पुष्कळ आहेत. कारखान्याच्या भोंग्यावर, चाळीवर, विकलेल्या शेतावर त्यांनी लिहिले आहे व लिहीत आहेत. त्यांस आमची विनंती एवढीच की, बार काढण्याची घाई करू नये. मागील खंडेनवमीस आम्ही पुन्हा त्या घरी गेलो होतो. पाटावर कोयता होता, पाने होते, किल्ली होती. बंदूक त्या वेळी निवडणुकीसाठी ठाण्यात जमा होती. तिच्या जागी घरधनिणीने नांगराचा जुना फाळ ठेवला होता, आणि यजमानांनी काही न बोलता त्यास गंध लावले.