वाजविणाऱ्याचे नाव

दिवाळी अंकात टीकालेख लिहावयाचा म्हणजे फराळाच्या ताटात कारल्याची भाजी वाढण्यासारखे आहे, असे आमच्या घरातले मत आहे. चकली-चिवड्याच्या संगतीने वाचावयाच्या पानांवर कोणाची उणीदुणी काढू नयेत, हे मलाही पटते. म्हणून आज मी जी चूक दाखविणार आहे ती दुसऱ्या कोणाची नसून माझीच आहे. कौतुक मात्र अशा एका माणसाचे करणार आहे, की ज्याचे वादन तुम्ही-आम्ही शेकडो वेळा ऐकले, पण नाव बहुधा ऐकले नाही.

चुकीपासून सुरुवात करतो. दहाबारा वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी कार्यक्रम निवडण्याचे काम माझ्याकडे होते. सहावीतला एक मुलगा दोन काड्या आणि एक पालथा पत्र्याचा डबा घेऊन आला आणि 'अलबेला' चित्रपटातल्या गाण्याचा ठेका वाजवू लागला. त्याचे वडील लग्नाच्या बँडचे मास्तर. घरी जे कानावर पडले तेच पोराच्या बोटांत उतरले होते. हात सफाईदार होता. तरीही मी म्हणालो, "बाळ, हे वरातीत ठीक आहे. ही नुसती नक्कल झाली. काहीतरी आपले स्वतःचे घेऊन ये." मुलगा डबा उचलून गेला तो पुन्हा आला नाही.

पुढच्या लग्नसराईत मोसम पुलाजवळ एका वरातीत त्याचे वडील भेटले. बँड पाणी प्यायला थांबला होता. ते रागावले नव्हते, नुसते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही पोरांकडून पाढे घोकून घेता. त्याला तुम्ही नक्कल म्हणत नाही, पाठांतर म्हणता. मग आमच्याच घरच्या पाठांतराला नक्कल का म्हणालात?"

मी हसून वेळ मारून नेली. पण कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला 'नक्कल' हा शब्द कोणी परत केला की तो बोचतो. त्या बोचणीनेच मी 'अलबेला'ची गाणी पुन्हा ऐकावयास बसलो आणि ऐकता ऐकता चिक चॉकलेट यांच्यापाशी येऊन पोचलो.

नाव वाचून घरातली मुले हसतील; हसू द्या. खरे नाव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६ साली, गोव्यातील बार्देश तालुक्यातल्या हळदोणे गावी. त्या काळी गोव्यात पोर्तुगीज राज्य होते, आणि चर्चला जोडलेल्या गावच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी शिकविली जात असे. शिकविणाऱ्याला 'मेस्त्री' म्हणत. देवाच्या प्रार्थनेसाठी दिलेली ही विद्या. तिच्या बळावर गोव्याच्या कित्येक तरुणांनी मुंबईत पोट भरले. कागदावरचे ठिपके पाहून अनोळखी गाणे पहिल्याच बैठकीत वाजवून दाखविणारा माणूस त्या शहरात सहसा गोव्याचाच असे.

आणि त्याच सुमारास मुंबईत जॅझ आले होते. १९३५ साली लिऑन अॅबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा ताफा ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्याच्यामागून टेडी वेदरफर्ड यांच्यासारखे पियानोवादक आले. ज्या माणसांना स्वतःच्या देशात पुढच्या दाराने हॉटेलात शिरता येत नव्हते, ती मुंबईच्या बड्या हॉटेलात मानाने वाजवीत होती. गोव्याच्या पोरांनी त्यांचे वादन कान देऊन ऐकले, तबकड्या झिजविल्या आणि आपापले बँड काढले. त्यांतले चिक हे ट्रंपेटवाले. १९४५ च्या सुमारास ताजच्या शेजारच्या ग्रीन्स हॉटेलात ते अकरा वादकांच्या बँडचे नायक होते. हे ग्रीन्स आता राहिले नाही. त्या जागी ताजचा मनोरा उभा आहे.

अकरा वादकांचा बँड म्हणजे काय, हे येथे थोडे सांगितले पाहिजे. अशा बँडात ट्रंपेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन असे फुंकून वाजविण्याच्या वाद्यांचे गट असतात. एक गट विचारतो, दुसरा उत्तर देतो, आपल्याकडच्या सवाल-जवाबासारखेच. त्यांच्या मागे पियानो, गिटार, मोठे बासरीचे नव्हे तर तारांचे 'बास' आणि ड्रम. सारे काही उभे असते ते ड्रमवाल्याच्या जिवावर. उजवा पाय मोठ्या ढोलावर, डावा पाय झांजांच्या जोडीवर, उजवा हात टांगलेल्या झांजेवर संथपणे चाललेला आणि डावा हात लहान ड्रमवर मधूनच टोमणे मारणारा. आपण समेवर मान डोलावतो; जॅझमध्ये चार मात्रांपैकी दुसरी आणि चौथी उचलून धरतात. त्यामुळे गाणे चालता चालता किंचित झुलते. अमेरिकेत चिक वेब या नावाचे ड्रमवादक तर स्वतःच आपल्या बँडचे नायक होते. मणक्याच्या क्षयाने खुजे राहिलेले हे गृहस्थ न्यूयॉर्कच्या सॅव्हॉय नृत्यगृहात उंच चौथऱ्यावर बसून सगळा ताफा हाकीत. १९३७ साली त्यांनी बेनी गुडमन यांच्या नामांकित बँडला तेथे जाहीर सामन्यात नमविले. गुडमन यांच्याकडे जीन क्रुपा यांच्यासारखा ड्रमवाला असताना! एला फिट्झजेराल्ड ही थोर गायिका वेब यांच्याच बँडातून पुढे आली. १९३९ साली वेब वारले.

हे वाचता वाचता मला एक गोष्ट कळली आणि मी चांगलाच वरमलो. एका माणसाने वाजवावयाचा हा ड्रमचा संच मुळात तीन माणसांचा होता. मिरवणुकीच्या बँडात एक जण मोठा ढोल वाजवी, दुसरा बाजूला लटकविलेला लहान ड्रम, तिसरा झांजा. पुढे पायाने ढोल वाजविण्याची कळ निघाली आणि तिघांचे काम एकाकडे आले. न्यू ऑर्लिन्स शहरातले ते बँड सणाच्या मिरवणुकीत वाजत, अंत्ययात्रेतही वाजत. जॅझ त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढले. म्हणजे जॅझ हे मिरवणुकीच्या बँडचेच लेकरू. आणि आमचा वरातीचा बँड कोठून आला? गोऱ्या पलटणींच्या लष्करी बँडवरून. न्यू ऑर्लिन्सचे पितळी बँडही युरोपच्या लष्करी बँडांनाच पाहून उभे राहिले. तेव्हा मालेगावचा बँडमास्तर आणि न्यू ऑर्लिन्सचा ड्रमवाला हे चुलतभाऊ निघाले. आणि मी त्या पोराला सांगितले होते, 'हे वरातीत ठीक आहे'!

आता चिककडे परत येऊ. स्वातंत्र्यानंतर गोरे साहेब गेले, दारूबंदी आली, हॉटेलांतले नाच ओसरले. वादकांना काम हवे होते आणि चित्रपटांना वादक. चिक हे संगीत दिग्दर्शक सी. रामचंद्र यांचे साहाय्यक झाले. रामचंद्र चितळकर हे आपल्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले. एकाच्या कानात ख्याल, दुसऱ्याच्या हातात ट्रंपेट. या जोडीबरोबर तिसरा गडी होता, तो गिरणीत काम केलेला, परळ-दादरच्या चाळींत वाढलेला भगवान पालव. तेच आपले भगवानदादा. या तिघांच्या मेळाव्यातून १९५१ साली 'अलबेला' झाला. त्यातल्या एका नाचाच्या प्रसंगात चिक आणि त्यांचा ताफा झालरीचे सदरे घालून पडद्यावर प्रत्यक्ष दिसतो. पुन्हा कधी चित्रपट पाहाल तेव्हा गीता बाली आणि भगवानदादांवरची नजर क्षणभर काढून मागे पाहा.

या संगीतावर त्या काळी आणि नंतरही एक आक्षेप घेतला गेला: हे उसने आहे, आपल्या मातीतले नाही. आक्षेप अगदीच खोटा नाही. चितळकरांच्या काही गाण्यांत परदेशी ठेका नुसता टोपी घातल्यासारखा वर बसलेला आहे. टोपी काढली तरी डोके तसेच राहते. पण 'अलबेला'त तसे होत नाही. चाल आपल्या कानाला सहज येते, चाळीतल्या माणसाला एका ऐकण्यात गुणगुणता येते. ओळ संपून गायक श्वास घेतो तेवढ्या फटीत ट्रंपेटे उत्तर देतात, आणि बाँगोचा ठेका खालून तिला उचलीत राहतो. गाणाऱ्याच्या शब्दावर वादक कधी पाय देत नाहीत. भगवानदादांच्या पायांना मिरवणुकीत नाचणाऱ्या माणसाची ती मोकळी, बिनकष्टाची चाल मिळते. येथे उसने काय आणि आपले काय, हे मला तरी वेगळे काढता येत नाही. आणि जे वेगळे काढता येत नाही त्याला नक्कल म्हणू नये, अशी माझी आता समजूत आहे.

हे जुळविण्यामागचे कष्टही ध्यानात घ्या. संगीतकार पेटीवर चाल गुणगुणत असे. ती स्वरलिपीत उतरवून, कोणत्या वाद्याने कोठे शिरावयाचे हे ठरवून, प्रत्येकाचा कागद तयार करण्याचे काम गोव्याची ही मंडळी करीत. मग गायक आणि सगळे वादक एकाच खोलीत, एकाच वेळी वाजवीत. एक जण चुकला की साऱ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. बाँगो-कोंगा अशी क्यूबाकडची तालवाद्ये आपल्या गाण्यात रुजविण्यात कावस लॉर्ड या पारशी वादकाचा मोठा हात होता. तेही जॅझ बँडातूनच आलेले. त्यांचे केरसी आणि बर्जोर हे मुलगेही पुढे याच कामात नावाजले. पण श्रेयनामावलीत संगीतकाराचे नाव येई, गीतकाराचे येई. वाजविणारे 'वादकवृंद' या एका शब्दातही क्वचितच मावत.

चिकना लोक 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणत. त्यांनाही ते आवडत असावे. त्या थोर ट्रंपेटवाल्याप्रमाणे घोगरा आवाज काढून ते गातही. माझी तक्रार त्या बिरुदाविषयी आहे. आपण कोणाला या प्रांताचा स्कॉट म्हणतो, कोणाला त्या गावचा शेक्सपिअर. म्हणताना वाटते, मान दिला. वस्तुतः आपण त्याला दुसऱ्याच्या घरात पोटभाडेकरू करून ठेवतो. हळदोण्याच्या मेस्त्रीकडून आलेली विद्या, पुणतांब्याचा सूर आणि चाळीतला नाच यांचा मेळ घालण्याचे काम आर्मस्ट्राँग यांच्या वाट्याला कधी आलेच नव्हते. ते चिकनी केले. 'नादान' (१९५१) आणि 'रंगीन रातें' (१९५६) या चित्रपटांना त्यांनी स्वतःच्या नावाने संगीतही दिले. पण लोकांच्या ओठांवर राहिले ते दुसऱ्यांच्या नावावर लागलेले काम. १९६७ साली, वयाच्या पन्नाशीतच, ते गेले.

दुसरी तक्रार चित्रपटांविषयी. आपल्या पटकथांनी सनई घराला दिली आणि ट्रंपेट दारूच्या अड्ड्याला. खलनायक आला की सॅक्सोफोन, आई आली की सतार. पडद्यावरचा ख्रिस्ती वादक म्हटला की त्याच्या हातात बाटली दिलीच पाहिजे. वास्तविक त्याच आईच्या रडण्यामागची व्हायोलिने हीच माणसे वाजवीत होती. रविवारी सकाळी चर्चमध्येही तीच वाजवीत. हिशेब चुकता करणारा एखादाच निघाला. प्यारेलाल यांनी आपले व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस यांचे नाव १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त गाण्यातून घराघरांत पोचविले. तेही गमतीच्या गाण्यातून; पण पोचविले.

मालेगावात राहून मला हे उशिरा कळावे याची लाज वाटते. कारण नकलेचा खटला आमच्या गावाइतका कोणी लढविलेला नाही. शेख नासिर यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. मागावर काम करणारी माणसे नट झाली. सायकलवर कॅमेरा बसवून ट्रॉलीचे काम भागविण्यापर्यंत पुढे त्यांची मजल गेली. जग आधी हसले. मग त्यांच्यावर माहितीपट निघाला, आणि २०२४ साली मोठ्या पडद्याचा चित्रपटही झाला. आम्ही त्याचा अभिमान मिरवतो. मी वर्गात मिरविला आहे. त्याच वर्गातून मी एका पोराला डबा घेऊन परत पाठविले होते.

तो पोरगा आता बाविशी-तेविशीचा आहे. रात्रपाळीला मागावर असतो आणि लग्नसराईत वडिलांच्या बँडात साइड ड्रम वाजवितो. गेल्या हिवाळ्यात मी त्याच्या घरी गेलो. क्षमा मागावयाची होती, पण गुरुजीच्या जिभेला ते वळण नसते. म्हणालो, "यंदा संमेलनात वाजवशील का?" तो म्हणाला, "पाळी बदलून मिळाली तर येतो, गुरुजी."

पाळी बदलून मिळाली. त्याने तेच गाणे वाजविले. ठेका तोच होता, फक्त एका ठिकाणी, जेथे ट्रंपेट उत्तर देते तेथे, ट्रंपेट नसल्यामुळे त्याने काडी ड्रमच्या कडेवर फिरवून ती जागा भरली. ती जागा 'अलबेला'त नाही. माझ्या माहितीत कोठेच नाही.

फळ्यावर कार्यक्रमपत्रिका लिहिण्याचे काम दरवर्षीप्रमाणे माझ्याकडेच होते. चित्रपट, संगीतकार, गायक लिहून झाल्यावर खडू खाली ठेवण्याची माझी सवय. या खेपेस मी आणखी दोन ओळी लिहिल्या. एकीत ट्रंपेट: चिक चॉकलेट. दुसरीत ड्रम, आणि त्याच्यापुढे त्या मुलाचे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. त्याचे वडील शेवटच्या रांगेत उभे होते. त्यांनी ते दोनदा वाचले आणि मग खाली बसले.