कोटजाईकाठची लेणी आणि उपासकाची दृष्टी

मालवण किनाऱ्यावरील उपासकास कोकणातील बौद्ध शिल्पे पाहावयाची असतील, तर त्याने रत्नागिरी जिल्ह्यातील पन्हाळेकाजीस अवश्य जावे. दापोली तालुक्यातील या गावी कोटजाई नदीच्या काठी 29 लेणी आहेत. पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांचा त्यांवरील ग्रंथ 1986 साली प्रसिद्ध झाला.

आरंभीची लेणी थेरवादी भिक्खूंच्या निवासाची, साधी आहेत. दहाव्या-अकराव्या शतकांत येथे वज्रयान पंथ आला. भूमिस्पर्श मुद्रेतील अक्षोभ्य आणि खड्ग व पाश धारण करणारा उग्र महाचंडरोषण ही त्याची शिल्पे होत. पुढे शिलाहारकाळी गणपती व शिव आले. त्यानंतर नाथपंथी सिद्धांच्या मूर्ती कोरल्या गेल्या.

येथेच आपली कसोटी लागते. 1956 च्या बावीस प्रतिज्ञा मानणाऱ्या उपासकाने महाचंडरोषणापुढे कोणत्या भावनेने उभे राहावे? ‘हा आमचा धम्म नव्हे’ म्हणून पाठ फिरविणे सोपे आहे. बौद्ध मूर्ती दिसताच फुले वाहणे त्याहून सोपे. दोहोंतही चिकित्सा नाही.

धम्मावर बाहेरून आघात झाले, हे खरेच. परंतु उपदेशाची जागा मंत्राने घेतली, तेव्हा आपला वेगळेपणाही क्षीण झाला, असे ही लेणी पाहताना वाटते. उग्र देवतेपासून गणपतीपर्यंतचे अंतर मग फार उरत नाही. सहली नेणाऱ्या विहारांनी मुलांना हा क्रम लेण्यांसमोरच समजावून द्यावा. शिल्पकाराच्या कौशल्याचा गौरव करावा. शरण मात्र त्रिरत्नांनाच जावे.