पाळण्यापाशी बसलेली चित्रकार

बर्थ मोरिझोचं ‘पाळणा’ हे चित्र मी पहिल्यांदा पाहिलं ते मदर्स डेच्या एका फॉरवर्डमध्ये. कडेला गुलाब, खाली मायेवरच्या चार ओळी. मीही एक हार्ट टाकून पुढे सरकले. त्या चित्रातली आई स्वतः चित्रकार होती, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. कळल्यावर मात्र ते चित्र मदर्स डेचं राहिलं नाही.

बर्थ १८४१ साली जन्मली. एडमा तिची मोठी बहीण. दोघी एकत्रच शिकल्या. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत, एकोल दे बोझारमध्ये, तेव्हा मुलींना प्रवेश नव्हता. तो मिळाला १८९७ मध्ये, बर्थ गेल्यानंतर दोन वर्षांनी. म्हणून मग खाजगी शिकवणी. जोसेफ गिशार या शिक्षकाने दोघींना लूव्रमध्ये जुन्या उस्तादांच्या चित्रांच्या नकला करायला बसवलं. पुढे कामिय कोरोने त्यांना उघड्यावर, झाडापाण्यासमोर बसून रंगवायला शिकवलं. १८६४ मध्ये सालोंत, म्हणजे मानाच्या सरकारी प्रदर्शनात, दोघींचीही चित्रं लागली. हातात ब्रश घेऊन चित्र काढणारी बर्थ एडमाने रंगवली आहे. १८६९ मध्ये एडमाचं एका नौदल अधिकाऱ्याशी लग्न झालं आणि तिचं चित्र काढणं जवळपास थांबलं.

इथे मला माझी हॉस्टेलची रूममेट आठवते. इंजिनिअरिंगची चार वर्षं आम्ही एका टेबलावर काढली. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमधला अवघड भाग तिने लिहिला, प्रेझेंटेशन मी केलं. आज मी नोकरीत आहे, ती मुलगी झाल्यावर घरी आहे. तिच्यावर कुणी जबरदस्ती केली नाही. ‘सध्या थांबते’ असं ती म्हणाली होती. तिच्या घरी गेले की काय बोलावं ते मला सुचत नाही. कामाचं सांगितलं तर मिरवल्यासारखं वाटतं, नाही सांगितलं तर तिला बाजूला काढल्यासारखं.

‘पाळणा’ १८७२ चं. एडमा आपल्या झोपलेल्या मुलीकडे, ब्लांशकडे, बघते आहे. तिचा डावा हात कोपरात दुमडून गालाशी टेकलाय. पलीकडे बाळाचाही एक हात तसाच दुमडलेला आहे. आईची नजर, मागच्या पडद्याची कड, पाळण्याची जाळी हे सगळं आपल्याला तिरप्या रेषेत बाळाकडे नेतं. लूव्रमध्ये बसून केलेला अभ्यास तो हाच. पण जाळीपाशी ब्रश मोकळा सुटतो. पांढऱ्या, निळसर, गुलाबी फटकाऱ्यांत बाळ अर्धं दिसतं, अर्धं झाकलं जातं. आईला ते स्वच्छ दिसतंय, आपल्याला नाही.

मी पुन्हापुन्हा झूम करते ती एडमाच्या उजव्या हाताशी. तो पाळण्याच्या कडेला जाळी धरून आहे. हा हात काय करू शकतो, हे चित्र काढणारीला पक्कं माहीत होतं. वर्षानुवर्षं तो शेजारीच चालत होता. माझ्या मते हे चित्र मायेचं आहेच, पण ते एका थांबलेल्या हाताकडे दुसऱ्या चालू हाताने बघणंही आहे. बर्थने एडमाला दुःखी दाखवलेलं नाही, तृप्तही नाही. ती नुसती विचारात आहे. बर्थने तिची कीव केली नाही, हे मला या चित्रातलं सगळ्यात मोठं वाटतं. मला माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत ते अजून जमलेलं नाही.

१८७४ मध्ये नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत इम्प्रेशनिस्टांचं पहिलं प्रदर्शन भरलं. बर्थ त्यात होती, हे चित्रही होतं. ते विकलं गेलं नाही. पुढच्या सात प्रदर्शनांपैकी तिने एकच चुकवलं, १८७९ चं, मुलगी ज्युलीच्या जन्मानंतरचं.

तिचे भराभर ओढलेले फटकारे आजही ‘नाजूक’, ‘बायकी’ या शब्दांत उरकले जातात. मला हा हिशोब पटत नाही. ‘पाळणा’मधले ते नेमके हात जिला काढता येतात, तिने नंतर कडा सोडून दिल्या तर तो निर्णय असतो, उणीव नाही. या निर्णयाची किंमत तिला आधीच कळली होती. १८७० च्या सालोंसाठी तिने आईचं आणि एडमाचं चित्र केलं. एदुआर माने बघायला आला आणि ब्रश घेऊन आईची आकृती स्वतःच दुरुस्त करत सुटला. बर्थला ते फार लागलं. आपल्या कोडमध्ये एखाद्या सीनिअरने न विचारता बदल केले आणि तेच रिलीज झालं, तर कसं वाटेल? तसं. तिने पुढे याच मानेच्या भावाशी, यूजेनशी, लग्न केलं. पण सही मोरिझो अशीच करत राहिली.

शिकागोच्या संग्रहालयात तिचं एक चित्र आहे: प्रसाधन करणारी, पाठमोरी बाई. समोर आरसा आहे, पण त्यात तिचा चेहरा नाही. आरशाच्या खालच्या कडेला आहे ती सही, ‘बर्थ मोरिझो’. १८९५ मध्ये ती वारली तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलं गेलं: व्यवसाय नाही. थडग्यावर ती ‘यूजेन मानेची विधवा’ आहे.

परवा मैत्रिणीला मी ‘पाळणा’ पाठवलं आणि एडमाने काढलेलं बर्थचं चित्रही. तिने दोन्ही पाहिली. थोड्या वेळाने विचारलं, “हे दुसरं तिच्या बहिणीने काढलंय? अजून आहेत का तिची?”

फारशी नाहीत. पण हा प्रश्न तिने विचारला, मी नाही.