शवपेटींतली लूट

जो ऑर्टन याचें 'लूट' हें नाटक १९६५च्या दौऱ्यांत साफ पडलें. पुढें १९६६ सालीं लंडनच्या जेनेटा कॉक्रन या लहानशा नाट्यगृहांत तें रंगलें. मुलगा मित्रासह बँक लुटतो, पैसे आईच्या शवपेटींत दडवितो आणि आईचें प्रेत कपाटांत कोंबतो! वाचकांनीं एवढ्यावरूनच नाक मुरडूं नये. खरा घाव प्रेतावर नसून कायद्यावर आहे. सगळींच पात्रें एकसारखीं चुरचुरीत बोलतात, हें मात्र आम्हांस खटकतें. पाणीखात्याचा माणूस म्हणवून घरांत शिरलेला इन्स्पेक्टर ट्रस्कॉट लुटींत वांटा घेतो. पोलिसांवर भाबडी श्रद्धा असलेला निरपराध बाप तेवढा तुरुंगाकडे जातो. तेथें त्याला 'अपघाती' मृत्यु यावा, हेंही सहज बोलतां बोलतां ठरतें. आणि आपण हंसत असतों.