चाल त्यांची, शब्द आपले

सत्तरच्या दशकातला संताप कोणी मांडला, असे विचारले की दोन उत्तरे ठरलेली असतात. सिनेमावाले १९७५ च्या ‘दीवार’कडे बोट दाखवतात, साहित्यवाले १९७२ च्या ‘गोलपिठा’कडे. दोन्ही उत्तरे खरी आहेत, पण अपुरी आहेत. माजरी-भद्रावतीच्या कोळसापट्ट्यातील वस्त्यांत जयंतीच्या रात्री जे गायले जाते, ते भीमगीत या दोन्हींत कुठेच नाही.

‘दीवार’चा आरंभ खाणीच्या मुलखातील वाचकाने नीट पाहावा. नायकाचा बाप खाणमजुरांचा पुढारी. मालक त्याच्या बायकामुलांना धरून ठेवतो आणि मागण्यांवर पाणी सोडायला लावतो. खवळलेले लोक मुलाच्या हातावर बाप चोर असल्याचे गोंदतात. तेथून चित्रपट त्या मुलामागे जातो. मजूर मागेच राहतात. त्यांचे पुढे काय झाले, हे कोणी विचारत नाही. सर्वांचा संताप एकाचा होतो. तो तस्करीतून वर चढतो आणि देवळात आईच्या मांडीवर संपतो. त्याच मुंबईत १९७२ साली दलित पँथर उभी राहिली होती. तिच्या संतापाला जातीचे नाव होते, संघटना होती. सिनेमाने संताप उचलला आणि नेमक्या या दोन गोष्टी वगळल्या.

भीमगीताने उलटा व्यवहार केला. त्याने सिनेमाची चाल उचलली, कव्वालीचा ठेका घेतला आणि त्यात आपले शब्द भरले. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) आयुष्यभर हे शब्द घेऊन गावोगाव फिरले. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला. मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या. १९७९ साली प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून लाँग मार्च निघाला. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. इतकी वर्षे हा प्रश्न अक्षरओळख नसलेल्या घरांतही जागता राहिला, त्यात या गाण्यांचा वाटा मोठा आहे.

यावर प्रस्थापित समीक्षेचा आक्षेप असा की चाल उसनी, आशय प्रचारकी, पुनरुक्ती फार. दुःख हे की आपलेही अनेक समीक्षक तसेच मानतात. पण चाल ओळखीची असली की ऐकणाऱ्याचे सारे लक्ष शब्दांवर राहते. ध्रुपद पुन्हा पुन्हा आले की वही नसलेली बाई ते पाठ करून घरी नेते. ज्याला दोष म्हटले जाते, ती या गाण्याची कार्यपद्धती आहे.

म्हणून सारीच गाणी थोर, असे मात्र नव्हे. जे गाणे बाबासाहेबांची केवळ आरती ओवाळते, ते ‘दीवार’चेच काम करते: नायक एक, बाकीचे प्रेक्षक. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली, तेव्हा समोरच्या माणसांनी प्रतिज्ञा स्वतःच्या तोंडाने उच्चारल्या होत्या. भीमगीताची कसोटी हीच असावी: ते ऐकणाऱ्याला टाळ्या वाजवायला लावते, की प्रतिज्ञा घ्यायला?

ही कसोटी लावायची तर गाणी हाताशी हवीत. गायकांच्या वह्या वाळवी खाते आहे. विद्यार्थ्यांनी या सुट्टीत आपापल्या वस्तीतली एक वही उतरवून घ्यावी. आपल्या समीक्षेची सुरुवात तेथून होईल.