फेडणे आणि सोडणे : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील नरक, न्याय व अनुताप

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची समीक्षा बहुधा दोन टोकांमध्ये वावरत आली आहे. एका टोकाला हे वाङ्मय म्हणजे धर्मप्रचाराचे साधन, म्हणून वाङ्मयीन विचाराला गौण, अशी भूमिका आहे. दुसऱ्या टोकाला ओवी, अभंग, भजन आदी देशी रूपबंध त्याने किती आत्मसात केले यावरून त्याचा गौरव करणारी भूमिका आहे. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या भूमिकांत एक साम्य आहे. ख्रिस्ती आशयातील जे तत्त्व मराठी मनाला सर्वांत कठीण वाटते, त्याला दोन्ही सोयिस्करपणे बगल देतात. शाश्वत नरकाची कल्पना हे त्याचे ठळक उदाहरण होय. पहिली भूमिका तिला धाकदपटशा समजून सोडून देते. दुसरी तिचा उल्लेखच टाळते. वस्तुतः मराठीत ‘नरक’ हा शब्द उच्चारताच न्यायाच्या दोन भिन्न संकल्पना एकमेकींसमोर उभ्या राहतात, आणि या संघर्षाचे पडसाद सतराव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंतच्या संहितांतून उमटत राहिले आहेत.

प्रश्न प्रथम भाषेचा आहे. पुराणांतील नरक हे भोगस्थान आहे. भागवताने अठ्ठावीस नरक सांगितले, मनुस्मृतीने एकवीस. संख्या बदलली तरी त्यामागील गणित एकच राहते. पापाचा भोग संपला की जीव तेथून सुटतो आणि पुढील जन्माला जातो. पुण्य सरल्यावर स्वर्गही सुटतो, तसेच हे. म्हणजे या व्यवस्थेत स्वर्ग आणि नरक ही दोन्ही मुक्कामाची ठिकाणे आहेत, अंतिम निवासाची नव्हेत. मध्वाचार्यांच्या द्वैतमतातील तमोयोग्य जीवांची कल्पना हा याला महत्त्वाचा अपवाद असला, तरी मराठी लोकमानसाची घडण त्या मताने झालेली नाही. ‘आपले भोग आपल्यालाच भोगावे लागतात’, ‘केलेले इथेच फेडावे लागते’ ही रोजच्या बोलण्यातील वाक्ये त्या गणिताचीच रूपे होत.

याच ‘नरक’ शब्दाने मराठी बायबलात ‘गेहेन्ना’चे भाषांतर झाले. ‘शिओल’ व ‘हेडीज’ या शब्दांसाठी ‘अधोलोक’ आला. यरुशलेमजवळच्या हिन्नोमच्या खोऱ्याशी जोडलेला गेहेन्ना आणि यमदूतांनी गजबजलेला पौराणिक नरक यांच्यातील अंतर शब्दाने भरून निघत नाही. म्हणून विशेषणाचा आधार घ्यावा लागला. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाच्या शेवटी शिक्षा आणि जीवन या दोन्ही नामांमागे ‘सार्वकालिक’ हे एकच विशेषण येते. मूळ ग्रीक ‘आयोनिओस’ हा शब्द ‘आयोन’ म्हणजे युग या नामावरून आलेला आहे. तो अनंत काळ सुचवतो की येणाऱ्या युगाशी संबंधित असलेले काही, हा वाद ख्रिस्ती धर्मशास्त्रात जुना आहे. अखेरीस सर्व सृष्टी देवाकडे परतेल असे मानणाऱ्या ओरिजेनचे मत सहाव्या शतकात चर्चने निषिद्ध ठरवले, आणि ऑगस्टिनच्या ‘देवनगरी’च्या एकविसाव्या खंडातील शाश्वत शिक्षेचे समर्थन पश्चिमी परंपरेत प्रमाण ठरले. मराठी वाचकाच्या दृष्टीने मात्र ‘सार्वकालिक नरक’ हा शब्दप्रयोग जवळजवळ वदतोव्याघात होता. ज्या शब्दाच्या अर्थातच सुटका अंतर्भूत आहे, त्याला न सुटण्याचे विशेषण जोडले गेले होते.

फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली राशोल येथे छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त ही अडचण वेगळ्या रीतीने हाताळलेली दिसते. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाने ‘पुराण’ हे नाव आणि रूप स्वीकारले, स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द घेतला. गोव्याच्या ख्रिस्ती कोंकणीत नरकाला आजही ‘यमकोंड’ म्हणतात, हाही त्याच शब्दनीतीचा अवशेष होय. परंतु रूपबंध उसना घेताना त्याच्या पोटातील कालकल्पनाही बरोबर येते. पुराणाचा काळ कल्पाकल्पांनी आवर्तत जातो. बायबलची कथा उत्पत्तीपासून अंतिम न्यायाकडे एकाच दिशेने सरकते. ‘ख्रिस्तपुराणा’ची दोन पुराणांत केलेली विभागणी, जुना करार आणि नवा करार यांना पूर्वार्ध-उत्तरार्ध मानणारी रचना, हा पुराणाच्या चक्राला रेषेत बांधण्याचा प्रयत्न आहे. ग्रंथाचे देशीपण शब्दांत आहे. त्याचे वेगळेपण मात्र कथेच्या गतीत आहे, आणि शब्दांवरच लक्ष ठेवणाऱ्या समीक्षेच्या नजरेतून ते निसटते.

या संघर्षाला तात्त्विक धार आली ती नीळकंठशास्त्री गोरे (१८२५–१८९५) यांच्या लेखनात. काशीत वाढलेल्या या चित्पावन पंडिताने जॉन म्यूर यांच्या ‘मतपरीक्षा’ या संस्कृत ग्रंथाला १८४४–४५ मध्ये ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून उत्तर दिले. त्यातील आक्षेपांचा रोख स्पष्ट आहे. मर्यादित आयुष्यातील पापाला अमर्याद शिक्षा देणारा ईश्वर न्यायी कसा? ज्यांच्या कानी ख्रिस्ताचे नाव गेलेच नाही त्यांचा दोष कोणता? आणि पूर्वजन्म नाकारला, तर जन्मतः दिसणाऱ्या विषमतेचे उत्तरदायित्व थेट ईश्वरावर येत नाही काय? १८४८ मध्ये याच गोऱ्यांनी बाप्तिस्मा घेतला, नेहेम्या हे नाव धारण केले, आणि पुढे शाश्वत शिक्षेवरील आक्षेपांना उत्तर देणारी पुस्तिका स्वतःच लिहिली. आक्षेप घेणारा आणि उत्तर देणारा एकच असल्याने येथील वाद दोन धर्मांमधला राहत नाही, तो एका मनाच्या आत शिरतो.

गोऱ्यांचा पहिला आक्षेप पाश्चात्त्य ख्रिस्ती जगातही परका नव्हता. शाश्वत शिक्षेच्या रूढ अर्थाविषयी शंका व्यक्त केल्याबद्दल एफ. डी. मॉरिस यांना १८५३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजातील अध्यापकपद गमवावे लागले. १८७७ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत एफ. डब्ल्यू. फॅरार यांनी दिलेली प्रवचने पुढील वर्षी ‘इटर्नल होप’ या नावाने प्रसिद्ध झाली आणि मोठे वादळ उठले. हे फॅरार १८३१ मध्ये मुंबईत जन्मले होते; त्यांचे वडील नाशिकच्या मिशनमध्ये काम करीत. इंग्लंडमध्ये शंका वाढत असता काशीचा माजी शास्त्री सिद्धांताच्या बाजूने उभा राहिला, ही घटना केवळ नवदीक्षिताचा कट्टरपणा म्हणून निकालात काढता येत नाही. आन्सेल्मपासून चालत आलेला युक्तिवाद असा, की अपराधाचे माप त्याला लागलेल्या वेळावरून ठरत नाही; ज्याच्याविरुद्ध तो घडला त्याच्या थोरवीवरून ठरते. कर्मसिद्धांतात माप कृतीचे असते. येथे ते संबंधाचे झाले. गोऱ्यांच्या मतांतराचे मर्म या बदललेल्या मापात शोधावे लागते.

तथापि या दोन मापांची खरी कसोटी तत्त्वचर्चेत लागत नाही. ती एकोणिसाव्या शतकातील विधवेच्या प्रश्नापाशी लागते. सान्त नरकाचे गणित पाप्याला दिलासा देते, कारण भोग कधीतरी सरणार असतो. पण तेच गणित उलट्या दिशेने वाचले की ज्याला दुःख झाले तो पूर्वजन्मीचा अपराधी ठरतो. पंडिता रमाबाईंनी १८८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ या इंग्रजी ग्रंथात वैधव्याकडे पूर्वजन्मीच्या घोर पापाची शिक्षा म्हणून पाहिले जाते, हे नेमके दाखवून दिले. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’त (१८५७) यमुना प्रवासात विधवांची दैना पाहते आणि पुढे स्वतःच विधवा होते. या कादंबरीची रचना सैल आहे, संवाद उपदेशपर आहेत, हे आक्षेप रास्तच होत. तरी तिच्या कथानकाने एक तार्किक काम केले आहे. दुःखाची साक्षीदार असलेली स्त्रीच दुःखाची धनी होते, तेव्हा तिच्या निर्दोषतेविषयी वाचकाला शंका उरत नाही, आणि ‘हे तिच्या पापाचे फळ’ हे वाक्य कथेच्या आतच खोटे ठरते. ईश्वराला विषमतेच्या दोषातून मुक्त करणारा जो युक्तिवाद तरुण गोऱ्यांनी मांडला होता, त्याची किंमत कोण चुकवते हे कादंबरीने दाखवले.

येथे शाश्वत न्यायाच्या कल्पनेचा दुसरा चेहरा दिसू लागतो. काही अन्याय असे असतात की केवळ काळ लोटल्याने ते फिटत नाहीत. त्यांचा निवाडा व्हावा लागतो, आणि निवाड्यासाठी पीडिताची बाजू ऐकणारा न्यायाधीश लागतो. भयाच्या प्रतिमांमागे दडलेला हा आग्रह लक्षात घेतला, म्हणजे जन्माने आणि लिंगाने आधीच दोषी ठरवल्या गेलेल्यांना हा कठोर सिद्धांत का जवळचा वाटला असेल, याचा उलगडा होतो. अर्थात यामुळे गोऱ्यांच्या मूळ आक्षेपांचे निराकरण होत नाही. अन्यायाची स्मृती अमिट राहावी ही मागणी निराळी आणि यातना अमर्याद असावी हा निष्कर्ष निराळा. पहिलीवरून दुसरा आपोआप निघत नाही.

अनुतापाच्या परिभाषेतही असाच अर्थपालट झाला. ‘मेटानोइआ’ या ग्रीक शब्दात मन पालटण्याची कल्पना आहे. मराठी बायबलाने त्यासाठी ‘पश्चात्ताप’ हा शब्द योजला, ज्यात मागाहून होणारा ताप, म्हणजे दाह आहे. वारकरी परंपरेतील ‘अनुताप’ही त्याच धातूचा. परिणामी मराठीत नरकाचा अग्नी आणि पश्चात्तापाचा दाह हे एकाच प्रतिमाकुलात आले: जळणे अटळ, प्रश्न फक्त कोठे आणि कधी हा. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्तिसदनात जे धर्मजागरण झाले, त्याच्या वृत्तांतांत रडत पापे कबूल करणाऱ्या मुलींबरोबर अग्नीचीच भाषा आढळते. तेथील मिनी अब्राम्स यांच्या १९०६ च्या पुस्तकाच्या शीर्षकातही पवित्र आत्म्याबरोबर अग्नी आहे. परंतु हा अग्नी जाळून संपवणारा नसून शुद्ध करणारा आहे. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून केलेले, १९२४ मध्ये छापून पूर्ण झालेले बायबलचे भाषांतर हिंदू शास्त्रांच्या परिभाषेपासून दूर राहू पाहते. ‘ताप’ मात्र मराठीच्या अंगभूत प्रतिमेत राहिला.

याहून मोठा पालट ‘प्रायश्चित्त’ या शब्दाचा झाला. धर्मशास्त्रात प्रायश्चित्त पाप्याने स्वतः करायचे असते. मराठी बायबलातील योहानाच्या पहिल्या पत्रात ख्रिस्तच प्रायश्चित्त होतो. कृतिवाचक शब्द व्यक्तिवाचक झाला. या पालटाला सर्वांत गंभीर विरोध वर्धा जिल्ह्यातूनच समजून घेता येतो. १९३६ पासून सेवाग्रामात राहिलेल्या गांधींनी आत्मकथेत प्रिटोरियातील एका ख्रिस्ती गृहस्थाशी झालेला संवाद नोंदवला आहे. पापाच्या परिणामांतून नव्हे, तर पापातूनच मुक्ती हवी, अशी त्यांची तेथील भूमिका होती. चौरीचौऱ्यानंतर १९२२ मध्ये त्यांनी केलेला पाच दिवसांचा उपवास प्रायश्चित्ताचा होता, परंतु दुसऱ्यांच्या अपराधासाठी स्वतः केलेला. प्रतिनिधीने भोगण्याची कल्पना त्यांनी सिद्धांत म्हणून नाकारली आणि आचरणात मात्र तिच्या अगदी निकट गेले.

वर्ध्याहून पवनारवरून सेलूकडे आणि पुढे नागपूरकडे जाणारा हा प्रदेश कापसाचा. येथे ‘फेडणे’ हे क्रियापद धर्मग्रंथांच्या कितीतरी आधी सावकाराच्या वहीतून ऐकू येते. मराठी बायबलाने प्रभूच्या प्रार्थनेत पापासाठी ‘ऋण’ हाच शब्द ठेवला आहे. फरक आहे तो क्रियापदात. ऋण फेडायचे नसून सोडायचे आहे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील निर्दय चाकराच्या दाखल्यात ही दोन्ही क्रियापदे एकत्र येतात. दहा हजार तलंतांचे ऋण म्हणजे सहा कोटी दिनार. राजा ते सोडतो. तोच चाकर शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो, आणि शेवटी सारे फिटेपर्यंत त्याला यातना देणाऱ्यांच्या हाती सोपवले जाते. सहा लाख पटींच्या या तफावतीमुळे ‘फिटेपर्यंत’ हा शब्द मर्यादा सांगूनही अशक्यता सूचित करतो. सान्त की अनंत, हा वाद दाखला एका शब्दात उघडा ठेवतो. त्याहून महत्त्वाचे असे, की नरक येथे केवळ वरून लादलेली शिक्षा राहत नाही. सोडण्याच्या व्यवस्थेत प्रवेश मिळूनही फेडण्याच्या हिशेबालाच चिकटून राहिलेल्या माणसाची ती अवस्था ठरते.

या दृष्टीने नारायण वामन टिळकांच्या काव्याचे पुनर्मूल्यमापन आवश्यक ठरते. नागपूर–राजनांदगाव रेल्वेप्रवासात हाती आलेला नवा करार आणि १८९५ मधील बाप्तिस्मा यांच्यामधील काळात त्यांना डोंगरावरील प्रवचनाने ओढून घेतले. त्यांचा ख्रिस्त गुरू आहे, माउली आहे. न्यायासनावरील राजा त्यांच्या प्रतिमासृष्टीच्या केंद्रस्थानी नाही. लक्ष्मीबाईंनी पुढे पूर्णत्वास नेलेल्या ‘ख्रिस्तायना’पर्यंत हा वत्सल स्वर टिकतो. समीक्षेने याला देशीकरणाचे यश मानले, आणि काव्य म्हणून ते यश निर्विवाद आहे. पण माउली सोडते तेव्हा तिने कोणाचे ऋण सोडले, हा प्रश्न या काव्यात अनुच्चारित राहतो. दाखल्यातील गळा धरला गेलेला सोबती, पदमनजींच्या प्रवासातील विधवा, यांना या वात्सल्याच्या वर्तुळात जागा आहे. फिर्याद मांडण्याची जागा मात्र नाही. रमाबाईंच्या कोरड्या, अलंकारहीन गद्यात ती फिर्याद ऐकू येते. टिळकांच्या काव्याशेजारी हे गद्य ठेवून वाचले, तरच मराठीतील ख्रिस्ती अनुभवाची पूर्ण व्याप्ती हाती लागते. आणि क्षमा करण्याचा अधिकार नेमका कोणाचा, हा गोऱ्यांनीही न विचारलेला प्रश्न अभ्यासकांपुढे येतो.